पडलेला जुना पूल पुन्हा तसाच बांधला, तर तो तोच पूल असतो का?

काठावरची

गेल्या सप्टेंबरात मोस्तारला जाऊन आले आणि तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जातच नाहीये, म्हणून धागा काढतेय. मोस्तार म्हणजे बोस्निया-हर्झेगोविनातलं गाव, नेरेत्वा नदीवर वसलेलं. तिथला 'स्तारी मोस्त' म्हणजे शब्दशः जुना पूल, दगडाची एकच कमान, या काठावरून उडी मारल्यासारखी थेट त्या काठावर. उस्मानी सुलतान सुलेमानच्या हुकमावरून १५५७ ला काम सुरू झालं आणि १५६६ ला संपलं. बांधणारा मिमार हायरुद्दीन, थोर वास्तुकार सिनानचा शिष्य. गावाचं नावसुद्धा पुलावरूनच आलंय, पुलाची राखण करणाऱ्यांना 'मोस्तारी' म्हणायचे.

४२७ वर्षं पूल उभा होता. ९ नोव्हेंबर १९९३ ला सकाळी, युद्धात, क्रोएट फौजेच्या तोफांच्या माऱ्याखाली तो नदीत कोसळला. मग अनेक देशांनी पैसा दिला, युनेस्को, जागतिक बँक, आगा खान ट्रस्ट वगैरे संस्था उतरल्या आणि २३ जुलै २००४ ला तिथेच, त्याच मापाचा, त्याच जातीच्या दगडाचा पूल पुन्हा खुला झाला. २००५ मध्ये तो जागतिक वारसा यादीतही आला.

मी चढले त्यावर. फोटोत कळत नाही पण चांगलाच चढ आहे, आणि पायाखाली दगडाच्या आडव्या पट्ट्या थोड्या उचलून बसवल्यात, त्यांच्यात टाच अडकवत अडकवत वर जायचं कारण मधला दगड आरशासारखा गुळगुळीत झालाय. माझ्या पुढे एक आजी होत्या, हातात भाजीची पिशवी, आणि आम्ही सगळे पर्यटक कठडा धरून चाचपडत असताना त्या न बघता एकेका पट्टीवर पाऊल टाकत सरळ निघून गेल्या, पायांना पाठ होता तो पूल. आणि नेमकं तेव्हाच आमच्या ग्रुपमधला एकजण म्हणाला, "यात काय एवढं, हा तर २००४ चा आहे." मला ते इतकं लागलं की अजून सलतंय. पण त्याला काय उत्तर द्यायचं तेही सुचलं नाही.

पुलाच्या टोकाला एक साधा दगड ठेवलाय, त्यावर रंगाने लिहिलंय, '९३ विसरू नका. तिथे बराच वेळ उभी राहिले.

आणखी एक गोष्ट, जी मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हती. पूल पडायच्या आधी लोकांनी त्याला वाचवायचा प्रयत्न केला होता. गोळे बसू नयेत म्हणून पुलाच्या अंगावर जुने टायर बांधले, फळ्या लावल्या, वर पत्र्याचं छप्पर केलं. जुने फोटो बघा, पूल ओळखू येत नाही, चिंध्या गुंडाळलेल्या आजारी माणसासारखा दिसतो. टायर हो! तोफेच्या गोळ्यासमोर. त्यांना काय कळत नव्हतं का की याने थांबणार नाही?

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. तुम्ही पाहिलेल्या अशा पुन्हा बांधलेल्या पुलांबद्दलही लिहा.

---

चिरेबंद

छान विषय. पुलांच्या कामातच आयुष्य गेलंय त्यामुळे थोडं तांत्रिक लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

मोस्तारच्या कमानीचा दगड तिथलाच, 'तेनेलिया' म्हणतात त्याला, चुनखडीचाच प्रकार, फिकट रंगाचा, वजनाला हलका आणि छिन्नीला लवकर दाद देणारा. नुसता चुना भरून चिरे बसवलेले नाहीत, शेजारशेजारचे चिरे लोखंडी पकडींनी एकमेकांना जखडलेत आणि पकड जिथे दगडात शिरते तिथे वितळलेलं शिसं ओतलंय. शिसं मऊ असतं, फटीत पूर्ण भरतं, लोखंडाला पाणी लागू देत नाही आणि दगड किंचित हलला तरी तडा जाऊ देत नाही. २००१ नंतर पुन्हा बांधतानाही हेच केलं, लोखंडी पकडी आणि ओतलेलं शिसं. हे काम करणारी माणसं आता कुठे मिळतात? हात तयार करावे लागतात. दगड घडवणाऱ्याला जुना चिरा हातात घेऊन, त्यावरची छिन्नीची रेघ वाचून, तशीच रेघ मारायला शिकावं लागतं.

आणि कमान ही गोष्ट अशी आहे की शेवटचा, माथ्यावरचा चिरा बसेपर्यंत ती कमानच नसते, खालच्या सेंटरिंगवर, म्हणजे तात्पुरत्या आधारावर, रचलेला नुसता ढीग असतो. ऑगस्ट २००३ मध्ये ती जुळली. सेंटरिंग काढायचा क्षण सगळ्यात भीतीचा, सगळं वजन त्या घटकेला कमानीवर येतं. हायरुद्दीनबद्दल तिथे दंतकथा आहे की आधार काढायच्या दिवशी तो गाव सोडून पळाला, पूल पडला तर सुलतान मुंडकं उडवेल म्हणून. खरी असो नसो, सेंटरिंग काढताना खाली उभं राहिलेल्या कुणालाही ती खरी वाटेल. माझ्या पहिल्या कमानीच्या वेळी मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर, हो, तोच पूल आहे. त्याच पद्धतीने उभा आहे, वजन त्याच वाटेने काठावर उतरतंय.

---

रोखठोक

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

नदीत पडलेले मूळ चिरे १९९७ मध्ये हंगेरियन सैन्याच्या पाणबुड्यांनी बाहेर काढले होते. पण ते इतके फुटलेले होते की नव्या कमानीत वापरता आले नाहीत, काठावर मांडून ठेवले. म्हणजे जो पूल हायरुद्दीनने बांधला तो काठावर तुकड्यांत पडलाय आणि वर जे उभं आहे ती उत्तम, मनापासून केलेली रेप्लिका आहे. तिला रेप्लिका म्हणण्यात अपमान कसला? उलट 'जुना पूल' म्हणत राहिलो तर १९९३ ला काय झालं ते पुसलं जातं. येणारा पर्यटक फोटो काढतो, वरून नदीत उडी मारणाऱ्या पोरांना पैसे देतो आणि सगळं जुळून आलं असं समजून घरी जातो.

जुळलंय का? त्याच गावात २००८ नंतर थेट २०२० पर्यंत नगरपालिकेची निवडणूक होऊ शकली नव्हती. तिथे अशी शाळा आहे की एकाच इमारतीत दोन अभ्यासक्रम चालतात, क्रोएट मुलांचा वेगळा आणि बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातल्या मुस्लिम समाजाच्या, मुलांचा वेगळा. दगड जोडणं सोपं होतं असं मी म्हणत नाही, पण दगड जोडला म्हणजे पूल झाला असं समजू नये एवढंच.

---

काठावरची

@रोखठोक, राग कसला, निवडणुकीचं माहीत नव्हतं. वाचून वाईट वाटलं. पण मग ती भाजीची पिशवी घेऊन जाणारी आजी? ती रोज त्यावरून जाते. तिच्यासाठी तर झालाच ना पूल? मला अजून नीट मांडता येत नाहीये.

@चिरेबंद, छिन्नीच्या रेघेचं अजून लिहा ना, प्लीज.

---

सुसाट

वाचतेय. मस्त धागा. लुसर्नचा चॅपल ब्रिज पाहिलाय, स्वित्झर्लंडमध्ये, तोही ऑगस्ट १९९३ मध्ये एका रात्री जळाला होता. चौदाव्या शतकातला लाकडी झाकलेला पूल, २०४ मीटर लांब, आत छपराखाली तिकोनी फळ्यांवर सतराव्या शतकातली चित्रं. लाकडी पूल पुढच्याच एप्रिलमध्ये उभा केला त्यांनी, पण बहुतेक चित्रं गेली ती गेलीच. आतून चालताना काही ठिकाणी काळी पडलेली लाकडं तशीच ठेवलेली दिसतात. मला ते आवडलं, लपवलं नाही.

एकाच वर्षी, तीन महिन्यांच्या आत, युरोपातले दोन एवढे जुने पूल गेले हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

---

ओंजळ

टायरचं वाचलं आणि लगेच इवाकुनी आठवलं. सविस्तर लिहिते कारण मी तिथे जवळच चार वर्षं राहिलेय आणि हा पूल माझा अत्यंत जिव्हाळ्याचा विषय आहे.

जपानमध्ये यामागुची प्रांतात इवाकुनी नावाचं शहर आहे, तिथे निशिकी नदीवर किन्ताई-क्यो हा लाकडी पूल आहे. पाच गाळे, मध्ये चार दगडी खांब, आणि मधले तीन गाळे असे उंच कमानीचे की चालताना अक्षरशः पायऱ्या चढून उतरून पुन्हा चढाव्या लागतात. साधारण १९३ मीटर लांब. ही नदी दर पुरात पूल घेऊन जायची, म्हणून तिथला सरदार किक्कावा हिरोयोशी वाहून न जाणाऱ्या पुलाच्या शोधात होता. शेवटी त्याला एका चिनी पुस्तकात बेटाबेटांवर टेकलेल्या कमानींच्या पुलांचं चित्र दिसलं आणि तिथून कल्पना सुचली की नदीत दगडी खांबांची बेटं करायची आणि बेटांवरून लाकडी कमानी टाकायच्या. १६७३ मध्ये पूल झाला. १६७४ मध्ये वाहून गेला! पुढच्याच वर्षी. विचार करा काय वाटलं असेल त्या सुतारांना. पण त्याच वर्षी पुन्हा बांधला, खांबांभोवती नदीचा तळ दगडांनी फरसबंद केला, आणि मग तो २७६ वर्षं टिकला.

टिकला म्हणजे काय, तर लाकूड कुजतं, त्यामुळे मधले गाळे साधारण वीस वर्षांनी उतरवून नव्या लाकडाने बांधायचे आणि कडेचे चाळीस वर्षांनी. म्हणजे एका सुताराच्या उमेदीच्या काळात पूल एकदा-दोनदा हाताखालून जायचा. १६९९ चा आराखडा आजही जपून ठेवलाय.

मग दुसरं महायुद्ध आलं, देखभाल थांबली. युद्धानंतर जवळच्या विमानतळाच्या बांधकामासाठी नदीतून भरमसाट खडी उपसली गेली. आणि १४ सप्टेंबर १९५० ला किजिया वादळाचा पूर आला. पाणी चढायला लागल्यावर लोकांनी काय केलं असेल? मोठमोठी लाकडी पिंपं पुलावर नेऊन रांगेने ठेवली आणि त्यात पाणी भरलं. पूल उचलला जाऊ नये, वजनाने जागेवर बसून राहावा म्हणून. त्या पुरात, त्या पुलावर, पिंपं भरत होते लोक!

नाही राहिला पूल. गेला.

सरकारी पातळीवर काँक्रीटचा पूल करायचं चाललं होतं, तेव्हाच्या जपानची परिस्थिती बघता कुणाला दोषही देता येत नाही, देश भुकेला होता. पण इवाकुनीचे लोक अडून बसले, लाकडाचाच हवा, तसाच हवा. आणि जानेवारी १९५३ मध्ये तसाच झाला. खांब मात्र आतून काँक्रीटचे केले आणि बाहेरून दगड लावला. नंतर २००१ ते २००४ मध्ये पाचही गाळे पुन्हा नव्याने केले, हिवाळ्यात नदीला पाणी कमी असतं तेव्हा काम चालायचं. सहा प्रकारची लाकडं वापरतात, जिथे पाणी लागतं तिथे वेगळं, जिथे भार येतो तिथे वेगळं.

पूल वरून बघू नका, खाली उतरा. नदीपात्रात गोट्यांवरून चालत थेट कमानीच्या खाली जाता येतं. मान वर केली की दिसतं, एकावर एक थोडी थोडी पुढे सरकवत नेलेली तुळयांची रांग, दोन्ही खांबांकडून आलेली, मध्यावर भेटलेली, वर लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली. वरून कुणी चाललं की लाकूड बारीकसं बोलतं. मी तिथे डबा घेऊन जायचे शनिवारी.

तर @रोखठोक, या पुलात १६७३ ची एकही फळी नाही. कधीच नव्हती म्हणा ना, पहिल्या वर्षीच गेली. मग हा पूल कधीचा?

---

सुसाट

पाण्याची पिंपं. इकडे टायर. अंगावर काटा आला.

---

चिरेबंद

@ओंजळ, अप्रतिम लिहिलंत. खडी उपसल्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, त्यावर थोडं.

लोकांना वाटतं पूर वरून धडकतो आणि पूल पाडतो. बहुतेक वेळा तसं नसतं. पाणी खांबाला अडलं की खांबाच्या पुढ्यात खाली वळतं, भोवरे होतात आणि ते खांबाच्या मुळाशी तळ कोरत राहतात. याला आम्ही स्कोअर म्हणतो. वरून काही दिसत नाही, पूर ओसरताना तो खड्डा परत गाळाने भरूनही जातो, त्यामुळे नंतर पाहणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. पुराच्या ऐन भरात मात्र पायाखाली जमीन नसते. नदीतली खडी उपसणं म्हणजे या कोरण्याला आपणच अर्धं काम करून देणं. म्हणून १६७४ च्या त्या माणसांनी तळाला फरसबंदी केली हे मला फार मोठं वाटतं. पहिल्या अपयशावरून त्यांनी नेमकं कारण ओळखलं, आणि तेही आमचं एकही पुस्तक लिहिलं जायच्या कितीतरी आधी.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी क्रीक नावाचा प्रवाह आहे. त्यावरचा मोठ्या हायवेचा पूल ५ एप्रिल १९८७ ला याच कारणाने गेला, खांबाखालचा तळ कोरला गेला, दहा माणसं गेली. पूल वयाने म्हातारा नव्हता, १९५० च्या दशकातला होता. त्यानंतर तिथे पुलांची पाण्याखाली तपासणी करायचे नियम कडक झाले. काँक्रीट म्हणजे कायमचं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा पूल जरूर लक्षात ठेवावा.

---

दूरदेशी

@चिरेबंद काका, स्कोहॅरी क्रीकचं नाव वाचून थांबलोच, मी त्याच राज्यात राहतो. त्याच प्रवाहावर वरच्या अंगाला ब्लेनहाइमचा झाकलेला लाकडी पूल होता आणि त्याची गोष्ट तर याच धाग्याची आहे.

१८५५ मध्ये बांधलेला, निकोल्स पॉवर्स नावाच्या व्हरमाँटच्या सुताराने. मध्ये एकही खांब नाही, एका उडीत २१० फूट, सगळं लाकडात. आतून दोन बोगदे असल्यासारख्या दोन लेन आणि मधोमध छपरापर्यंत गेलेली प्रचंड लाकडी कमान. काकांनी हायरुद्दीनची गोष्ट सांगितली त्याच्या बरोब्बर उलट गोष्ट इथे सांगतात, की आधार काढायच्या वेळी पॉवर्स पुलाच्या छपरावर जाऊन बसला, पूल गेला तर मीही त्याच्याबरोबर जाणार म्हणून. १९३० च्या दशकात शेजारी लोखंडी पूल झाला, त्यानंतर हा फक्त पायी चालणाऱ्यांसाठी राहिला.

२८ ऑगस्ट २०११ ला आयरीन वादळाचा पूर आला आणि सगळा पूल उचलून घेऊन गेला. लोकांनी नंतर प्रवाहाच्या खालच्या अंगाला फिरून तुकडे गोळा केले.

पण खरी लढाई त्यानंतरची. आपत्तीनंतरच्या सरकारी मदतीत आधी नकार आला कारण यावरून गाड्या जात नव्हत्या, म्हणजे तो 'वापरात' नव्हता. छोटंसं गाव आहे हो, हाताच्या बोटावर मोजण्याइतकी दुकानं. त्यांनी अपील केलं, पुन्हा केलं, कागद जमवले, आणि शेवटी मंजूर करून घेतलं. २०१८ मध्ये नवा पूल उभा राहिला, जुन्या मोजमापांवरून, काठावर कोरड्या जमिनीवर बांधून मग प्रवाहावर सरकवत नेला. फक्त जुन्यापेक्षा बराच उंच ठेवलाय, पुढच्या पुरासाठी.

'वापरात नव्हता' या शब्दांचा मला फार राग येतो. माणसं त्यावरून चालत होती, सावलीला बसत होती, लग्नाचे फोटो काढत होती. याला वापर म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात?

उंच केला म्हणून तो वेगळा झाला का? मला नाही वाटत. पॉवर्सने २०११ चा पूर पाहिला असता तर त्यानेही उंचच केला असता.

---

रानपाखरू

पेरूचा केस्वाचाका राहिला ना सगळ्यांचा! कुस्कोच्या दक्षिणेला आपुरिमाक नदीच्या घळीवर गवताचा पूल आहे. हो, गवताचा. इंका काळापासून तशा पुलांची परंपरा, आणि हा दर वर्षी जूनमध्ये नव्याने विणतात. चार गावं मिळून करतात. प्रत्येक घराने ठरलेली दोरी वळून आणायची, बारीक दोऱ्या बहुतेक बायका वळतात, मग पुरुष त्या ताणून पिळून जाड दोर करतात, मग दोरांचे वेणीसारखे माणसाच्या मांडीएवढे दोरखंड. चार दोरखंड पायाखाली, दोन हाताला. जुना पूल तोडून नदीत सोडून देतात, गवतच ते, वाहून जातं. तीन दिवस काम, चौथ्या दिवशी गाणं-नाचणं. २०१३ मध्ये युनेस्कोने हे पूल विणण्याचं ज्ञानच वारशाच्या यादीत घेतलं. लक्ष द्या, त्या यादीत गवत नाही गेलं, ज्ञान गेलं.

२०२० मध्ये महामारीमुळे माणसं जमू शकली नाहीत. एक वर्ष चुकलं. मार्च २०२१ मध्ये पूल झिजून तुटला आणि नदीत लोंबकळला. शेकडो वर्षांची परंपरा आणि एका चुकलेल्या वर्षाने तुटला! पण जून २०२१ मध्ये तीच गावं आली, आणि आधीचा पूलच नव्हता तर त्या काठावर दोर न्यायचा कसा हा प्रश्न सोडवत पुन्हा विणला.

मी २०१६ मध्ये तो ओलांडलाय. मधोमध गेलं की डावीकडे उजवीकडे झोका खातो आणि सुक्या गवताचा वास येतो, कोठारात आल्यासारखा. हाताच्या दोरखंडावर बोट फिरवलं तर प्रत्येक घराची दोरी वेगळी कळते, कुणाची घट्ट पिळाची, कुणाची सैल.

---

रोखठोक

@रानपाखरू, @ओंजळ, दोघींचेही प्रतिसाद दोन-दोनदा वाचले.

गवताच्या पुलाला मी रेप्लिका म्हणणार नाही, तिथे बांधत राहणं हाच पूल आहे. इवाकुनीचंही पटलं, वीस वीस वर्षांनी बदलत आलेली गोष्ट १९५० ला एकदम गेली आणि पुन्हा आली, साखळी तुटली म्हणता येणार नाही. पण दगडाचा पूल त्या जातीचा नाही. तो एकदाच बांधतात आणि तसाच राहावा अशी अपेक्षा असते. ४२७ वर्षांत मोस्तारला कमान बांधणारा कुणी उरला नव्हता, बाहेरून कंपन्या आणाव्या लागल्या. तिथे साखळी तुटलीच होती. माझा मुद्दा तेवढ्यापुरता अजून शिल्लक आहे.

---

चिरेबंद

साखळी तुटली होती हे बरोबर आहे. पण तुटलेली साखळी परत जुळवता येते का, हा प्रश्न आहे ना?

वर छिन्नीच्या रेघेबद्दल विचारलं होतं म्हणून लिहितो. हाताने घडवलेल्या चिऱ्याच्या तोंडावर बारीक तिरप्या रेघा असतात. घडवणारा उजवा होता की डावखुरा, थकला होता की ताजा होता, छिन्नी नुकती धार लावलेली होती की बोथट, सगळं कळतं. आमच्याकडचे एक म्हातारे पाथरवट डोळे मिटून बोट फिरवून सांगायचे की हा चिरा जेवणाआधीचा आणि हा जेवणानंतरचा. मशीनने कापलेल्या दगडावर यातलं काही नसतं, त्यावर पाणीसुद्धा वेगळं ओघळतं. म्हणून जेव्हा कुणी ठरवतं की नाही, हातानेच घडवायचा, तेव्हा खर्च दुप्पट होतो, वेळ तिप्पट होतो, पण काम संपेपर्यंत वीस-पंचवीस पोरं तयार झालेली असतात ज्यांना ते येतं. पूल हा त्यातला अर्धा भाग, उरलेला अर्धा ती पोरं.

---

सांजवेळ

रोखठोक यांच्यासाठी दगडाच्याच पुलाची एक गोष्ट. फ्लॉरेन्स, इटली. सांता त्रिनिता पूल.

पोन्ते वेक्कियो सगळ्यांना माहीत असतो, त्याच्या शेजारचा हा. आधीचा पूल १५५७ च्या पुरात गेला, म्हणून १५६७ ते १५६९ मध्ये बार्तोलोमेओ अम्मानाती या वास्तुकाराने तीन कमानींचा नवा बांधला. त्या कमानींचा बाक असा काही आहे, पसरट, ताणलेला, की तो नेमका कुठल्या गणिताने काढला यावर अभ्यासक वाद घालत आलेत. १६०८ मध्ये राजघराण्यातल्या लग्नासाठी चार कोपऱ्यांवर चार ऋतूंचे पुतळे बसवले. वसंत ऋतूचा पुतळा म्हणजे एक तरुणी, शिल्पकार पिएत्रो फ्रांकाविल्ला.

ऑगस्ट १९४४ च्या पहिल्या आठवड्यात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने एका रात्रीत आर्नो नदीवरचे पूल उडवले. फक्त पोन्ते वेक्कियो ठेवला. हा उडवला.

लढाई संपल्यावर नदीत तात्पुरता लोखंडी पूल आला, रहदारी सुरू झाली, म्हणजे सोयीपुरतं काम भागलं होतं. पण गावातल्या लोकांचं म्हणणं एकच, जसा होता तसा, जिथे होता तिथे. यावर कित्येक वर्षं वाद झाले, आधुनिक पूल करा म्हणणारे होते, आतून काँक्रीट बाहेरून दगड म्हणणारे होते. दरम्यान नदीतून दगड काढणं चालू होतं. प्रत्येक दगड बघायचा, तो कमानीत कुठला असेल ते शोधायचं. कमी पडले त्यांच्यासाठी बोबोली बागेतली जुनी खाण पुन्हा उघडली. जुने फोटो आणि मोजमापं घेऊन तो बाक पुन्हा काढला. १९५८ मध्ये पूल खुला झाला.

पुतळेही नदीतून तुकड्या-तुकड्यांत मिळाले होते. पण वसंताचं डोकं नव्हतं. खूप शोधलं. एका पेन कंपनीने शोधून देणाऱ्याला बक्षीसही लावलं होतं. अफवा उठल्या की कुणा सैनिकाने नेलं. नवं डोकं घडवायचं का यावरही चर्चा झाली, घडवणारे हात होतेच, सगळा पूल घडवला होता त्यांनी. पण नाही घडवलं. बिनडोक्याची तरुणी तशीच पुलाच्या कोपऱ्यावर उभी केली आणि लोक तिच्याजवळून रोज ये-जा करत राहिले.

---

रोखठोक

हे नवं डोकं न घडवणं. याला म्हणतात प्रामाणिकपणा. माझं मोस्तारबद्दलचं मत या एका गोष्टीने थोडं हललंय, कारण काठावर ठेवलेले ते फुटके चिरेही असंच काहीतरी आहेत बहुतेक. वापरले नाहीत पण टाकलेही नाहीत. आणि तो '९३ चा दगडही. मी याकडे 'मूळ पूल बाजूला पडलाय' असं बघत होतो.

ते डोकं मिळालं का मग?

---

काठावरची

मला माझ्या ग्रुपमधल्या त्या माणसाला आता सांगता येईल असं वाटतंय. टायर, पिंपं, गवताच्या दोऱ्या, अपिलाचे कागद. पूल पडायच्या आधी आणि पडल्यावर माणसं हातात मिळेल ते घेऊन धावलीत. त्याला मी टायरचे फोटो पाठवलेत आत्ताच.

@सांजवेळ, सांगा ना, मिळालं का?

---

सांजवेळ

मिळालं. ऑक्टोबर १९६१ मध्ये, आर्नोचा गाळ काढणाऱ्या कामगारांना, पुलापासून फार लांब नाही. सतरा वर्षं गाळात होतं. ते तिच्या खांद्यांवर परत बसवलं.